मोबाइलवरचा खोटा आळ

माळव्यातल्या कसब्यांत कॉमिक्सचे म्हणून वेगळे दुकान सहसा नसे. स्टेशनरीच्या नाहीतर पानाच्या दुकानापुढे सुतळी ताणलेली असे, तिला कपड्यांच्या चिमट्यांनी नवे अंक लटकवलेले असत आणि आत एका फळीवर जुने अंक उभे लावून ठेवलेले असत. विकत घेणारे थोडे. बहुतेक गिऱ्हाईक भाड्याचे: चाराणे, आठाणे, पुढे रुपया. अंक घरी न्यायचा तर संध्याकाळपर्यंत परत आणायचा. दुकानाच्या पायरीवर बसून वाचायचा तर भाडे आणखी कमी. हिंदी मुलुखात ऐंशीच्या दशकात कॉमिक्सचा धंदा फोफावला तो मुख्यतः या फळीच्या जोरावर. इंदूरच्या पश्चिमेला, धारच्या रस्त्यावर, सुमारे २५-३० किलोमीटरवर असलेले बेटमा हे याच जातीच्या कसब्यांपैकी एक. अशा गावांना ना मोठे पुस्तकालय लाभले, ना मोठे पुस्तकांचे दुकान. शाळेबाहेरचे पहिले वाचन मिळायचे ते त्या फळीवर.

ती फळी आता गेली आहे. ती का गेली याचे एक ठरलेले उत्तर सर्वत्र दिले जाते: मोबाइल आला, मुलांची वाचनाची आवड संपली, कॉमिक्सचा काळ सरला. उत्तर सोपे आहे आणि सगळ्यांच्या सोयीचे आहे, कारण त्यात ना प्रकाशकाचा दोष निघतो, ना वितरकाचा, ना पालकांचा. पण ते खोटे आहे, आणि ते खरे मानल्यामुळे आज काही करता येण्यासारखे असूनही कोणी काही करत नाही.

आधी तारखा पाहाव्यात. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले. ली फॉक यांचा फँटम मराठी आवृत्तीत वेताळ झाला, मँड्रेक जादूगार झाला, आणि १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी निर्मिलेला बहादूर हा देशी नायक त्यांच्या पंगतीला आला. आठशेच्या घरात अंक निघाल्यावर १९९० मध्ये इंद्रजाल बंद झाले. भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. म्हणजे आरोपी घटनास्थळी पोहोचला तो पाच वर्षांनी. त्यानंतर मनोज, तुलसी यांसारख्या हिंदी प्रकाशनांनी २००० सालाच्या आगेमागे गाशा गुंडाळला. तेव्हा कसब्यात मोबाइल ही चैनीची वस्तू होती आणि त्यावर चित्र दिसत नव्हते. स्वस्त इंटरनेट घरोघरी गेले ते सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यावर. तोवर बहुतेक फळ्या रिकाम्या होऊन त्यांवर दुसराच माल लागला होता.

मोबाइलवरचा आरोप टिकत नाही असे दिसले, की बोट टीव्हीकडे वळते. या आरोपात तथ्य आहे, ते नाकारू नये. १९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या, १९९५ मध्ये भारतात कार्टून नेटवर्क सुरू झाले, आणि दुपारचे रिकामे दोन तास, जे पूर्वी पायरीवर जात, ते घरात जाऊ लागले. पण टीव्हीमुळे कॉमिक्स मरतेच असे असते तर जपानमध्ये ते सर्वांत आधी मेले असते. तिथे ज्या काळात घराघरात टीव्ही होता त्याच काळात, १९९५ च्या सुमारास, 'शोनेन जंप' हे एकच साप्ताहिक आठवड्याला साठ लाखांहून अधिक खपत होते, आणि त्यातल्याच कथा टीव्हीवर दिसत होत्या. आपल्याकडेही १९६९ पासून निघणाऱ्या 'लोटपोट'मधले मोटू-पतलू २०१२ मध्ये टीव्हीवर गेले आणि लाखो मुलांचे लाडके झाले. फरक इतकाच, की जपानी मुलाला टीव्हीवर आवडलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानात कागदावर मिळत होती. बेटम्याच्या मुलाने मोटू-पतलू पाहिले तेव्हा तो अंक मागायला जायचे कुठे?

प्रश्न हा आहे, आणि त्याचे उत्तर फळीच्या हिशेबात सापडते. समजा, चार रुपयांचा अंक दुकानदाराला कमिशन जाऊन तीन रुपयांना पडला आणि त्याने तो आठाण्यांनी फिरवला. सहा मुलांत भांडवल वसूल, सातव्यापासून कमाई. बत्तीस पानांचा तो अंक जपला तर तीस-चाळीस हातांतून जाई. जपण्याचीही एक रीत होती. स्टेपलची पिन गंजून पान सुटू लागले, की दुकानदार ती काढून दाभणाने तीन भोके पाडी आणि जाड दोऱ्याने अंक शिवून टाकी; पाठीला खाकी कागदाची पट्टी, मुखपृष्ठाच्या कोपऱ्यांना सेलोटेप, पहिल्या पानावर दुकानाचा रबरी शिक्का. शेवटचे पान फाटले असेल तर भाडे घेताना ते आधीच सांगितले जाई, आणि त्या पानावर काय होते हे आधीच्या वाचकाकडून तोंडी कळे. एका छापील प्रतीमागे इतके वाचक मिळवून देणारी दुसरी व्यवस्था या देशात मुलांसाठी झाली नाही. सरकारने नाही केली, शाळांनी नाही केली, मराठी वा हिंदी साहित्य संस्थांनीही नाही केली. ती केली स्टेशनरीवाल्यांनी.

या व्यवस्थेला दोन गोष्टी लागत: अंक स्वस्त हवा, आणि नवे अंक नेमाने यायला हवेत. गावात अंक येत ते मोठ्या शहरातल्या एजंटाकडून, वर्तमानपत्रांच्या नाहीतर मालाच्या गठ्ठ्यासोबत, बसने. दहा प्रकाशने चालू असतात तेव्हा गठ्ठा जड असतो आणि पाठवायला परवडतो. एकेक प्रकाशन बंद होत गेले तसा गठ्ठा हलका झाला; हलका गठ्ठा पाठवण्यात एजंटाला काही सुटेना; गठ्ठा आला नाही म्हणून फळीवर नवे काही दिसेना; नवे नाही म्हणून मुले वळेनात. दरम्यान कागद महाग झाला, अंकांच्या किमती चढल्या, जाड विशेषांक आणि तीन-चार भागांच्या लांबणाऱ्या कथा आल्या. अशा मालिकेचा एक भाग हरवला, की उरलेल्या भागांचे भाडे बुडाले. याच सुमारास दुकानदाराला त्याच फळीसाठी नवी गिऱ्हाइके भेटली: आधी व्हिडिओ कॅसेट, मग पीसीओ, मग रिचार्जची कुपने. कुपनाला ना दोरा लागतो, ना सेलोटेप. जागेचा हिशेब पाहता त्याने कॉमिक्स उचलून आत टाकले आणि पुढे रद्दीत दिले, यात त्याची चूक काढता येणार नाही.

चूक निघते ती वरच्या मंडळींची. इंद्रजाल बंद करणे हा एका मोठ्या वृत्तसमूहाचा व्यावसायिक निर्णय होता; त्याच समूहाने 'इलस्ट्रेटेड वीकली' १९९३ मध्ये बंद केले, आणि 'धर्मयुग'ही नव्वदच्या दशकातच संपले. ती वाचणारी माणसे एका रात्रीत निरक्षर झाली असे कोणी म्हणत नाही. मग कॉमिक्स बंद पडले की मुलांची आवड संपली, असा निष्कर्ष कशाच्या आधारावर काढला जातो? उरलेल्या प्रकाशकांनी भाड्याच्या फळीकडे कायम चोरटी वाट म्हणून पाहिले. एक प्रत चाळीस जण वाचतात याचा अर्थ एकोणचाळीस प्रतींचे नुकसान, असा तो हिशेब. खरे तर त्या चाळीसांतूनच पुढे विकत घेणारे दोघे-चौघे तयार होत. फळी सांभाळण्यासाठी स्वस्त, मजबूत शिवणीची, भाड्यासाठीच काढलेली प्रत देणे अवघड नव्हते. तसे झाले नाही.

दुसरा आक्षेप वेगळ्या बाजूने येतो आणि तो मराठी घरांत जास्त ऐकू येतो: कॉमिक्स गेले तर गेले, ते कुठे खरे वाचन होते? 'वाचायचे तर पुस्तक वाच' हे वाक्य मराठी मध्यमवर्गात किती पिढ्यांनी ऐकले असेल याची गणती नाही. या तुच्छतेला परदेशातूनही आधार मिळाला. अमेरिकेत फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाने १९५४ मध्ये पुस्तक लिहून कॉमिक्समुळे मुले गुन्हेगार होतात असे ठासून सांगितले, सिनेटपुढे सुनावण्या झाल्या आणि प्रकाशकांनी स्वतःवरच आचारसंहिता लादून घेतली. २०१२ मध्ये कॅरोल टिली या संशोधिकेने वर्थमची मूळ टिपणे तपासून दाखवून दिले, की त्याने मुलांची वये, त्यांचे बोलणे आणि त्यांच्या घरची परिस्थिती सोयीने बदलून घेतली होती. जगभर कॉमिक्सची बदनामी ज्या पुराव्यावर उभी राहिली तो पुरावाच असा होता.

मराठी माणसाने तर ही तुच्छता बाळगण्याचे काहीच कारण नाही. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे चित्रकथी हातातल्या चित्रांच्या पोथीतले एकेक चित्र पुढे करत रामायण-महाभारत सांगत आले; त्या परंपरेतले परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९१६ मध्ये स्वतःच्या चित्रांचे 'चित्ररामायण' प्रसिद्ध केले. हेच बाळासाहेब १९३५ मध्ये इंदुरात भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. चित्रांतून गोष्ट सांगणाऱ्या माणसाला इंदूरच्या मराठी मंडळींनी साहित्याच्या सर्वोच्च आसनावर बसवले होते, हे आज त्याच इंदुरात कितीजणांना आठवते?

पुढचा इतिहासही तेच सांगतो. १९६७ मध्ये अनंत पै यांनी सुरू केलेल्या अमर चित्र कथेचा 'कृष्ण' राम वाईरकरांनी चितारला, 'शिवाजी' प्रताप मुळीकांनी. १९८० मध्ये निघालेल्या 'टिंकल'मधला सुपंडी वाईरकरांच्याच कुंचल्यातून उतरला. दिल्लीच्या राज कॉमिक्सचा नागराज ऐंशीच्या दशकात उत्तर भारतातल्या पोरांच्या गळ्यातला ताईत झाला, तो आरंभी पुण्याच्या मुळीकांनी घडवला. नागराजाची ती पिळदार मान, हातातून सुटणाऱ्या सापांची वळणे, अंधारातला हिरवा रंग हे सगळे मराठी चित्रकाराचे काम होते. माळव्यातली मुले ते हिंदीत वाचत होती आणि महाराष्ट्राला त्याचा पत्ता नव्हता. मराठीने असे चित्रकार जन्माला घातले, पण त्यांच्यासाठी मराठीत एकही मोठे कॉमिक्स प्रकाशन उभे केले नाही. हा दोष वाचकांचा कसा म्हणायचा?

कॉमिक्स हे खरे वाचन नव्हे, या आक्षेपाला माळव्याच्या संदर्भात आणखी एक उत्तर आहे. होळकर, पवार, शिंदे यांच्या संस्थानांबरोबर इथे आलेली मराठी कुटुंबे घरात मराठी बोलतात. शाळा बहुतेकांची हिंदी किंवा इंग्रजी. अशा मुलाला पानभर सलग मराठी मजकूर जड जातो. पण लिपी तीच, देवनागरी. फुग्यातले चार-सहा शब्द, शेजारी चित्र, आणि वेताळाचा ठोसा कुठल्याही भाषेत कळतोच. हिंदी नागराज वाचणारे मूल मराठी वेताळाकडे सहज सरकू शकत होते. घरात ऐकलेली भाषा कागदावर ओळखण्याची इतकी हलकी पायरी दुसरी नाही. मराठी टिकवण्यासाठी बृहन्महाराष्ट्रात भाषणे पुष्कळ झाली. ही पायरी निखळली तेव्हा कोणी हळहळले नाही.

तिसरा युक्तिवाद आशावादी आहे, म्हणून तो अधिक फसवा आहे. कॉमिक्स परत आले आहे, असे सांगितले जाते: २०११ पासून दिल्लीत आणि मग इतर महानगरांत कॉमिक कॉन भरते, जुन्या अंकांच्या जाड पुठ्ठ्याच्या संग्राह्य आवृत्त्या निघतात, दुर्मिळ इंद्रजालला चढी किंमत येते. हे पुनरागमन चाळिशी-पन्नाशीतल्या गिऱ्हाइकाचे आहे. त्याला स्वतःचे बालपण विकत घ्यायचे आहे, आणि त्याची ती हौस खरी आहे, तिला नावे ठेवायचे कारण नाही. पण बेटम्याच्या दहा वर्षांच्या मुलीला त्यातले काहीच मिळत नाही. तिच्यासाठी त्या आवृत्तीची किंमत म्हणजे वह्यांचा वर्षभराचा खर्च.

ही वाट कुठे जाते ते अमेरिकेने दाखवले आहे. तिथेही कॉमिक्स एकेकाळी औषधांच्या दुकानात आणि वर्तमानपत्रांच्या टपरीवर मिळे. सत्तरच्या दशकात न खपलेला माल परत न घेण्याच्या अटीवर खास दुकानांना थेट पुरवठा सुरू झाला आणि हळूहळू कॉमिक्स त्या खास दुकानांत बंदिस्त झाले. तिथे येणारे गिऱ्हाईक वयाने वाढत गेले, नवे मूल आत शिरेना. नव्वदच्या दशकात संग्राहकांनी पेट्या भरभरून अंक घेतले, भाव फुगले, मग कोसळले. डिसेंबर १९९६ मध्ये मार्व्हलला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. जानेवारी २०२५ मध्ये तिथला एकेकाळचा सर्वांत मोठा वितरक, डायमंड कॉमिक डिस्ट्रिब्युटर्स, त्याच वाटेने गेला. (एकेकाळी चाचा चौधरी छापणाऱ्या दिल्लीच्या डायमंड कॉमिक्सचा याच्याशी संबंध नाही.) आणि याच काळात, याच देशात, डेव्ह पिल्कीची 'डॉग मॅन' मालिका २०१६ पासून शाळांच्या पुस्तक जत्रांतून, वाचनालयांतून आणि साध्या दुकानांतून कोट्यवधी प्रतींनी खपली. वाचणारी मुले सात-आठ वर्षांची, घरी टीव्ही, हातात टॅब्लेट. कागदी कॉमिक्स त्यांच्या वाटेवर ठेवले, त्यांनी ते उचलले.

डिजिटलने सगळे भागेल, या म्हणण्याला फार जागा द्यावी लागत नाही. कसब्यात फोन बापाचा असतो, तो संध्याकाळी मिळतो, आणि मिळाला की त्यात कॉमिक्सपेक्षा झगमगीत शंभर गोष्टी असतात. कागदी अंक मुलाच्या मालकीचा असतो, बदलता येतो, गहाण ठेवता येतो, भावंडाशी त्यावरून भांडता येते. महाग फोन कोणी पायरीवर दुसऱ्याच्या हाती तासभर देत नाही.

मग छापील अंक आजही चालवता येतो का? चालवणारे आहेत. शिवकाशीहून १९७२ पासून मुथू कॉमिक्स आणि १९८४ पासून लायन कॉमिक्स तामिळमध्ये निघत आहेत. वर्गणीदार आणि पुस्तक प्रदर्शने यांच्या बळावर त्यांनी तग धरला. त्यांचाही वाचक वयाने वाढला आहे, हे खरे. पण प्रादेशिक भाषेत हा धंदा अशक्य आहे, हे म्हणणे त्यांनी पन्नास वर्षे खोडून काढले आहे. मराठीत बालभारतीचे 'किशोर' मासिक नोव्हेंबर १९७१ पासून अखंड निघते आणि त्याची किंमत मुलाला झेपेल इतकी ठेवली जाते. मध्य प्रदेशात भोपाळच्या 'एकलव्य' संस्थेचे 'चकमक' १९८५ पासून चालू आहे. भीमराव आंबेडकरांच्या जीवनावरची 'भीमायन' ही चित्रकथा २०११ मध्ये आली, ती भोपाळच्या दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी काढली, आणि जगभर वाखाणली गेली. आंबेडकरांचा जन्म महूचा. महू आणि बेटमा एकाच जिल्ह्यात. चित्रकार याच राज्यातले, नायक याच जिल्ह्यात जन्मलेला, तरी तो ग्रंथ स्वस्त, पातळ, स्टेपल मारलेल्या रूपात जिल्ह्यातल्या फळीवर यावा, असे कोणाच्या मनात आले नाही.

सरकारी धोरणही मदतीला नाही. पुस्तकावर जीएसटी नाही, पण कागदावर आहे, आणि पुस्तक करमुक्त असल्यामुळे कागदावर भरलेला कर प्रकाशकाला वळता करून मिळत नाही. तो किमतीत चढतो. डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने नोंदणीकृत बुकपोस्टाची सवलतीची सेवा बंद केली. जिथे दुकान उरले नाही तिथे पोस्टमन हाच वितरक होता. त्याचाही खर्च वाढला. या दोन्ही गोष्टी उलट फिरवता येण्यासारख्या आहेत आणि त्यासाठी प्रकाशक संघटनांनी, साहित्य संमेलनांनी नेटाने मागणी करायला हवी. संमेलनाच्या ठरावांत कॉमिक्स हा शब्द यायला काहीच हरकत नाही. इंदुरात १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन संमेलने भरली आहेत.

हा मुलुखच गोष्टींचा आहे. बेटम्यात राजा भोजाचा इ.स. १०२० चा ताम्रपट सापडला आहे. कोकण जिंकल्याच्या उत्सवात दिलेल्या दानाचा तो लेख. एका बाजूला भोजाची धार, दुसऱ्या बाजूला विक्रमाचे उज्जैन. 'चांदोबा' मासिकातला विक्रम आणि त्याच्या खांद्यावरचा वेताळ याच मुलुखातले. ज्या गोष्टी चित्रांतून देशभरच्या मुलांपर्यंत गेल्या त्या जिथे घडल्या म्हणतात, तिथल्या मुलाला त्या पाहायला मिळू नयेत, ही स्थिती बदलायला फार मोठे भांडवल लागत नाही.

इंदूर, देवास, धार आणि उज्जैन इथल्या मराठी संस्थांकडे ग्रंथालये आहेत, आणि शहरातल्या जुन्या घरांच्या माळ्यांवर, ट्रंकांत, मराठी इंद्रजाल, अमर चित्र कथा आणि चांदोबा अजून पडून आहेत. ज्यांच्याकडे ते असतील त्यांनी दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला देण्याआधी या ग्रंथालयांना विचारावे. ग्रंथालयांनी ते काचेच्या कपाटात ठेवू नयेत. दोऱ्याने शिवून, पाठीला पट्टी लावून, दोन रुपये भाड्याने बेटम्यासारख्या गावातल्या एखाद्या स्टेशनरीच्या दुकानात ठेवायला द्यावेत. अंक फाटतील, काही हरवतील, ते धरूनच चालावे. सुरुवातीला एका फळीला पन्नास अंक पुरतात.